एम-ओ-एस-टी, चार भाषांत चार अर्थ! मूळ एकच का?

सांजवारा: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी ट्रिप ठरतेय, नकाशे आणि मेनू चाळतेय तर एकच स्पेलिंग सगळीकडे. प्रागच्या चार्ल्स ब्रिजचं नाव कार्लूव मोस्त, ऑस्ट्रियात मोस्त हे पेय, हंगेरियनमध्ये अर्थ 'आत्ता', आणि इंग्लिश मोस्ट आहेच. सगळं लॅटिनमधून आलंय का?

खडूफळा: नाही, आणि ओढूनताणून जोडूही नये. चेक मोस्त म्हणजे पूल, अस्सल स्लाव्हिक शब्द, पोलिश, रशियन, क्रोएशियन सगळ्यांत तोच. बोस्नियातल्या मोस्तारचं नाव पूल राखणाऱ्यांवरून पडलं, तिथला दगडी पूल १५६६ चा, १९९३ मध्ये युद्धात तोफांच्या माऱ्याने कोसळला, २००४ ला परत उभा केला. जर्मन मोस्त तेवढा लॅटिन मुस्तुमवरून, म्हणजे द्राक्षाचा ताजा रस. ऑस्ट्रियात सफरचंद, पेअरच्या आंबवलेल्या रसालाही मोस्तच म्हणतात. इंग्लिश मस्टर्डसुद्धा मुस्तुमवरून आलाय बरं का, मोहरी वाटून त्या रसात कालवायचे म्हणून! इंग्लिश मोस्ट हा जर्मन माइस्टचा सख्खा भाऊ. आणि हंगेरियनचं तर कुळच वेगळं.

डोंगरवाट: उच्चारही बघा ना. हंगेरियनमध्ये नुसता एस म्हणजे श, 'स' हवा तर एस-झेड लिहितात, म्हणून तिकडचे लोक बुदापेश्त म्हणतात आणि 'आत्ता'ला मोश्त. आता गंमत अशी की चेकमध्ये एसवर छोटी खूण दिली की तोही मोश्त होतो, पण अर्थ फळांचा रस. म्हणजे हंगेरियन 'आत्ता' लिहायला चेक पुलासारखा आणि ऐकायला चेक रसासारखा!!

सांजवारा: भारीच! पण योगायोग आहे की खरं नातं, हे ठरवतात कसं?

खडूफळा: जुनी रूपं काढून बघायची. आपल्याकडे पावशेरातला पाव संस्कृत पाद वरून आणि वडापावमधला पोर्तुगीजांकडून, आज दोन्ही अगदी सारखे दिसतात पण मागे जावं तसे लांब होत जातात. इथेही तसंच, जुन्या इंग्लिशमध्ये मॅस्ट, लॅटिनमध्ये मुस्तुम. खरं नातं असेल तर मागे जाताना शब्द जवळ यायला हवेत.

डोंगरवाट: चेकियात मोस्त नावाचं शहरही आहे, जर्मन नाव ब्र्यूक्स, तेही पुलावरूनच. खालचा कोळसा काढायला जुनं शहर पाडलं, पण चर्च वाचवलं, १९७५ ला अख्खं रुळांवरून ८४१ मीटर सरकवलं. प्रागहून जमत असेल तर जाऊन याच.