बागकामाने तुम्हाला काय दिलं? आपापले अनुभव लिहा

झाडांमुळे मन शांत होतं वगैरे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते जरा बाजूला ठेवू. मातीत हात घातल्यावर खरोखर काय झालं, काय जगलं, काय मेलं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

पहिल्या वर्षी माझी ११ झाडं गेली, आणि त्यातलं एकही तहानेने नाही. कुंडी ओली असली तरी रोज सकाळी मगभर पाणी ठरलेलं. मुळांनाही हवा लागते. माती कायम चिंब राहिली की ती गुदमरतात, कुजतात. आणि कुजक्या मुळांचं झाड अगदी तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं. मग काय, मी आणखी पाणी घालायचे! आता मातीत दोन पेरं बोट खुपसून बघते, कोरडं लागलं तरच पाणी. लेक म्हणतो, "माझ्या अभ्यासाच्या चौकशीआधीही असंच बोट घालून बघत जा."

*

निवृत्तीनंतर दिवस खायला उठायचा. लिंबाचं एक रोप होतं. एकदा पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून पुसायला गेलो, तर ती हलली! फुलपाखराची अळी निघाली. लहानपणी शिटेचं सोंग, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन शेंदरी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. चहाच्या आधी अळ्या मोजायच्या, हा माझा नेमच झाला. निम्मं रोप त्यांनी फस्त केलं. बायको म्हणाली, औषध मार. नाही मारलं. शेवटी एकीने कोष केला, मी रोज पहारा दिला, आणि नेमका ज्या सकाळी उशिरा उठलो त्या सकाळी रिकामं टरफल लटकत होतं. रोपाला पुन्हा पालवी आली. यंदाही अंडी दिसली आहेत, पिवळसर, मोहरीहून लहान.

*

मला तरी शांती वगैरे मिळाली नाही. मिळाला पिठ्या ढेकूण. पांढरा, कापसासारखा, जास्वंदीच्या प्रत्येक बेचक्यात. मुंग्या त्याच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात, त्यामुळे लढाई दोन आघाड्यांवर. साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक पुसत बसतो. दिवसभराची चिडचिड तिथेच निघते, घरच्यांच्या वाट्याला येत नाही. याला फायदा म्हणायचं असेल तर म्हणा.

*

आमच्या भोपळ्याच्या वेलावर फुलं येत आणि गळून जात. वेल वांझ आहे, असं मी जाहीरही करून टाकलं होतं. मग कळलं की सुरुवातीला बहुतेक नरफुलंच येतात. मादीफुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, तो नसेल तर फळाची वाट बघायची नाही. मादीफूल उमलतं पहाटे आणि दुपारपर्यंत मिटतं. मधमाश्या फिरकेनात, म्हणून आठ वर्षांच्या मुलीने रंगाचा ब्रश घेऊन पराग इकडून तिकडे लावले. शाळेसाठी जिला ओढून उठवावं लागतं, ती आठवडाभर सहाला जागी! चार फुलांपैकी एक धरलं. त्या भोपळ्याला नाव ठेवलंय, त्यामुळे आता तो कापायचा कुणी हा प्रश्न आहे.

*

एकच सांगते. ओल्या कचऱ्याचं खत करायच्या डब्याला वास येत असेल तर ओलं जास्त झालंय, सुकी पानं वाढवा. मी भरपूर घातली, वास गेला. काही दिवसांनी ढवळायला हात घातला तर आत गरम, ताप आलेल्या कपाळासारखं. काम चालू आहे याची एवढी चोख पावती मला नोकरीत कधी मिळाली नाही.

*

आई गेल्यावर तिचा गुलाब माझ्याकडे आला. तो वाळू लागला तेव्हा मला पुन्हा एकदा तिचं जाणं बघतोय असं वाटलं. मग बुंध्यातून जोमदार फूट आली. भराभर उंच झाली, मी खूश. वर्ष गेलं, कळी नाही. शेजारच्या काकांनी वाकून दाखवलं: फूट कलमाच्या जोडाखालून आलेली, म्हणजे ज्या रानगुलाबाच्या बुंध्यावर आईचा गुलाब जोडला होता त्याची. आईचा गुलाब जोडाच्या वर, एका काडीपुरता उरलेला. ती हिरवीगार फूट कापताना हात थरथरला. काका कुंडी धरून उभे होते. काल काडीला तीन तांबूस डोळे फुटलेत.