बायपासमधल्या ग्राफ्टला ‘कलम’ म्हटलं तर चालेल का?

आमच्या अण्णांची बायपास झाली मागच्या महिन्यात, तवापासून बघायला येणारा प्रत्येक जण विचारतोय, पायाची शीर काढून छातीत बसवली म्हणे? डॉक्टर ग्राफ्ट म्हणत होते. आम्ही तासगावचे द्राक्षवाले, डॉगरीजच्या खुंटावर कलम बांधणारे, त्यामुळं अण्णाच म्हणाले, म्हंजे कलमच की! हा शब्द चालेल का? आणि शीर, नस, रोहिणी, धमनी यातलं नेमकं काय म्हणायचं?

मिरजेहून: दादा, शाळेतलेच शब्द धरा. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी किंवा धमनी, परत आणते ती नीला. बोलताना आपण दोन्हीला शीर म्हणतो आणि तिथंच घोळ होतो, कारण टिकण्यात लई फरक आहे. छातीच्या आतली डावी रोहिणी जोडली तर 10 वर्षांनी 90 टक्क्यांच्या आसपास चालू असते, पायाच्या नीला तोवर निम्म्यापर्यंत बंद पडतात. म्हणून हृदयाच्या पुढच्या मुख्य रोहिणीला शक्यतो छातीतलीच जोडतात. आता कलम. छातीतल्या रोहिणीचं वरचं टोक मूळ जागीच ठेवतात, खालचं सोडवून हृदयावर शिवतात, म्हणजे आंब्याचं भेट कलम, फांदी आईच्या झाडावर असतानाच जोड. (फक्त भेट कलम नंतर आईपासून कापतात, हे कायम तसंच राहतं.) पायाची नीला मात्र दोन्हीकडनं सुटी, एक टोक महारोहिणीला (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रोहिणी), दुसरं अडथळ्याच्या पुढं. तिला मी पाइपलाइन म्हणेन.

कराडहून: ‘ओपन हार्ट’ पण जपून वापरा, बायपासला छाती उघडतात, हृदयाचे कप्पे नाही. आणि ‘मशीनवर’ म्हणजे हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवणं, पण नातेवाइकांना ते व्हेंटिलेटर वाटतं आणि बाहेर रडारड सुरू होते, माझ्या आत्याच्या वेळी हेच झालं. बीटिंग हार्टला ‘चालू हृदयावर’ म्हणा, त्यात शिवायचा तेवढाच भाग दाबून स्थिर धरतात, बाकीचं हृदय धडधडतंच. त्यात धोका कमी असं लोक सरसकट म्हणतात, पण 4,752 रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात 5 वर्षांनीही मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यात ठळक फरक दिसला नाही. महारोहिणीत कॅल्शियम साचलं असेल तर मात्र चालू हृदयावरची पद्धत कामाची, कारण मशीनची नळी तिथं घालावी लागत नाही.

आत्ताच डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. चालू हृदयावर, तीन जोड. अण्णांना सांगितलं, एक भेट कलम आणि दोन पाइपलाइनी. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच समजावून सांगतायत.