मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलाची दाढ आणि व्हीआर चष्मा

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीचे. मुलगा ८ वर्षांचा, ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. दाढ किडलीय, रात्र रात्र गाल दाबून बसतो. पण ड्रिलचा आवाज आला की कान झाकून थेट दाराकडे पळतो, आणि तो वरचा लाईट तर अजिबात सहन होत नाही.

व्हीआर चष्म्यात (डोक्याला बांधून डोळ्यांवर लावायचा, आत खरंच तिथे असल्यासारखं दृश्य दाखवणारा) दवाखाना, खुर्ची आधी दाखवून मुलांना सवय करतात, काम चालू असताना लक्षही वळवतात, असं वाचलं. पण आमच्याला डोक्यावर साधी टोपी चालत नाही! चष्म्याची सवय घरी कशी लावायची? कुणी केलंय का?

संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा लातूर-नांदेडकडे असं करणारे, लहान मुलांच्या दातांचे धीराचे डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा. पूर्ण भूल अगदीच नाइलाज झाला तरच द्यायची आहे.