आर्सेनिक: पाणी गाळायचे की विहीर बदलायची?

ओंजळ: भूजलातील आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचा विषय निघाला की चर्चा थेट फिल्टरपाशी जाऊन थांबते आणि माझ्या मते गाडे तिथेच अडते. बांगलादेशात तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे अतिसार टाळावेत म्हणून १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका बसवल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच आर्सेनिक उपसत आहेत हे १९९० च्या दशकात ध्यानात आले. पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून सुरक्षित हातपंप हिरवे आणि घातक हातपंप लाल रंगवण्यात आले. दोन शेजारच्या हातपंपांच्या पाण्यातही जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे लाल पंप सोडून हिरव्यापर्यंत चालत जाणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला ना वीज लागते ना सुटे भाग.

मुरूम: चालत जाणार कोण, हेही लिहायला हवे होते; हंडा बहुधा घरातल्या बाईच्याच कमरेवर असतो. शिवाय त्या हिरव्या रंगाचा अर्थ लिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत इतकाच आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १० आहे. रंग उडतो, पाणी बदलते, आणि जिथे सगळेच पंप लाल आहेत तिथे तुमचा उपाय संपतो. रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांच्या सोनो या घरगुती फिल्टरला २००७ साली अमेरिकेतला ग्रेंजर पुरस्कार मिळाला, त्यात वाळू, कोळसा आणि आर्सेनिक धरून ठेवणारा लोखंडाचा सच्छिद्र थर आहे. तोही विजेशिवायच चालतो.

ओंजळ: हंड्याचा मुद्दा मान्य. मात्र फिल्टर चालतो की चालत नाही हे पाहणार कोण? आर्सेनिकला रंग नाही, चव नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. त्यातही ऑक्सिजन नसलेल्या भूजलात ते बहुतांशी आर्सेनाइट रूपात असते; त्यावर विद्युतभार नसल्याने ते लोखंडाच्या थराला सहजी चिकटत नाही, म्हणून आधी त्याचे ऑक्सिडीकरण करावे लागते. थर भरून गेल्यावरही तोटीतून तेच स्वच्छ पाणी पडत राहते. तपासणीच्या संचात जस्त आणि आम्ल घालून कागदाची पट्टी पिवळी की तपकिरी होते ते दर काही महिन्यांनी पाहणारा माणूस असेल, तरच फिल्टरवर भरवसा ठेवावा. आणि तो भरलेला थर शेवटी टाकायचा कुठे?

पाणकळा: तुम्ही दोघेही फक्त पिण्याच्या पाण्यावर भांडत आहात. तेच पाणी वर्षानुवर्षे भातखाचरात सोडले जाते आणि आर्सेनिक मातीत साचत जाते. खाचर तुंबले की मातीतला ऑक्सिजन संपतो, लोहाचे ऑक्साइड विरघळते आणि त्याला धरून बसलेले आर्सेनिक सुटते. भाताची मुळे ज्या वाटेने सिलिका घेतात त्याच वाटेने आर्सेनाइटही आत येते. पाणी आलटून पालटून सोडले आणि सुकू दिले तर दाण्यातले आर्सेनिक घटते.

मुरूम: घटते, पण काही जमिनींत त्याच बरोबर कॅडमियम हा विषारी धातू वाढतो, हे सोडून देऊ नका. आणि आता कोणीतरी नेच्याचा (फर्नचा) मुद्दा काढेलच, म्हणून आधीच लिहितो: प्टेरिस व्हिटाटा हा नेचा मातीतून आर्सेनिक खेचून पानांत साठवतो हे २००१ साली प्रसिद्ध झाले, परंतु जमीन साफ व्हायला वर्षे लागतात आणि कापलेली पाने हाच नवा घातक कचरा ठरतो.

पाणकळा: नेच्यावर माझीही भिस्त नाही. मला काळजी खोल विहिरींची आहे. बंगालच्या खोऱ्यात १५० मीटरच्या खाली पाणी बहुधा सुरक्षित असते, पण तेच शेतीसाठी मोठ्या पंपांनी उपसले तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाण्याचा धोका आहे.

ओंजळ: मग खोल पाणी फक्त पिण्यासाठी राखून ठेवावे, या एका गोष्टीवर तरी आपले मतभेद नसावेत. फिल्टरबाबत माझे मत मात्र कायम आहे.

मुरूम: माझेही. जिथे खोल विहीर पाडणे परवडत नाही तिथल्या माणसाने तोवर काय प्यावे, याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.