घराण्याच्या इतिहासाचा एक अख्खा दिवस आम्हा मुलांना मिळालाय, काय काय करू?

पिंपळपान:
नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी १७ वर्षांची आहे. दोन महिन्यांनी आमच्याकडचे सगळे एकत्र जमणार आहेत, तीसेक माणसं, आणि त्यातला एक दिवस मोठ्यांनी आम्हाला देऊन टाकलाय, घराण्याच्या इतिहासाचं काहीतरी तुम्हीच ठरवा म्हणून. आम्ही चुलत, मामे, आते, मावस धरून आठ भावंडं, सगळ्यात धाकटा ९ वर्षांचा, मोठी मीच. मागच्या वेळी काकांनी वंशावळीचा भलामोठा तक्ता भिंतीवर लावून दीड तास माहिती सांगितली, त्यांनी मेहनत खूप घेतली होती खरंच, पण वीस मिनिटांत पोरं मोबाइलवर गेली आणि मला आज त्यातलं एवढंच आठवतंय की एक पणजोबा होडी चालवायचे आणि त्यांना पोहता यायचं नाही. बाकी नुसती नावं होती, ती गेली. आजी ८४ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं आणि लवकर दमते. ती आहे तोवर हे नीट व्हावं असं फार वाटतं. कोणी केलंय का असं काही?

मुक्ता_वाचते:
तुझं होडीचं वाक्य वाचून उत्तर तिथेच मिळालं बघ, नाव विसरतं, गोष्ट राहते. मी भाचरांबरोबर केलंय हे. एक करा, ओळख न पटलेले जुने फोटो शोधा, त्यांच्या मोठ्या प्रती काढून भिंतीवर लावा आणि खाली कोरा कागद, येता-जाता ज्याला जे आठवेल ते लिहील. आमच्याकडे एका फोटोत सात पोरं ओळीने उभी आणि टोकाच्या मुलीच्या एकाच पायात चप्पल. मोठ्यांपैकी कुणाचंच लक्ष कधी गेलं नव्हतं, धाकट्या भाचीने विचारलं दुसरी कुठंय? ती मुलगी म्हणजे माझी मावशी, एरवी दोन वाक्यांवर तिसरं न बोलणारी, ती पाऊण तास बोलली, चप्पल कशी हरवली, घरी काय झालं, मग फोटो काढणारा माणूस कोण, तो पुढे कुठे गेला. म्हणून सांगते, "तुमचं बालपण कसं होतं" असलं विचारू नका, त्यावर "छान होतं" एवढंच येतं. शाळेच्या वाटेवर कशाची भीती वाटायची, पहिल्या कमाईचं काय घेतलंत, झोपायच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसायचं, असं विचारा. आणि आजींसाठी प्रश्न जाड अक्षरात कार्डांवर लिहा, एका वेळी एक कार्ड हातात द्या, ओरडून विचारायची वेळ येणार नाही.

जुना_अल्बम:
मुक्ताताईंना अनुमोदन. फक्त फोटो हाताळताना जपा. चिकट पानांवर वरून प्लास्टिक असलेले अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, फाटतात किंवा वाकतात. दात साफ करायचा बारीक दोरा, डेंटल फ्लॉस, फोटोखालून हळूहळू करवतीसारखा पुढे-मागे सरकवत न्या, तरी सुटला नाही तर तसाच पानासकट स्कॅन करा. छोटे फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआयला (स्कॅनरमधली बारकाईची सेटिंग) घ्या म्हणजे मोठे करता येतात. मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाचा वळ समोर उमटतो, मऊ पेन्सिलने कडेला हलकं लिहा, आणि गुळगुळीत मागच्या बाजूवर पेन्सिल उमटत नसेल तर पाकिटावर लिहा.
रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी अर्धा मिनिट करून ऐकून बघा, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते सांगा. वीस मिनिटं झाली की थांबा, आजी म्हणाल्या चालू दे तरी थांबा, संध्याकाळी परत बसा. त्याच रात्री दोन-तीन ठिकाणी कॉपी करून ठेवा, फोन बदलला की फाइल जाते आणि मग हळहळ आयुष्यभर.

गणितवेडा:
९ वर्षांच्या भावासाठी आकड्यांचा खेळ आहे. वंशावळीत माणसांना नंबर द्यायची जुनी पद्धत आहे, मायकेल आयत्सिंगर नावाच्या माणसाने १५९० साली छापली. तू १, बाबा २, आई ३. कोणाच्याही वडिलांचा नंबर म्हणजे त्याच्या नंबराची दुप्पट, आईचा म्हणजे दुप्पट अधिक एक. म्हणजे १४ कोण? आईच्या आईचे वडील. जमिनीवर खडूने १ ते १५ गोल काढा, पणजोबा-पणजीपर्यंत सगळे बसतात, नंबर पुकारायचा आणि नाव सांगत त्या गोलात उडी मारायची. खरी मजा पुढे आहे, तुझी हीच आजी तुझ्यासाठी ५ असेल तर आतेभावासाठी ती ७ होते! आमची पोरं यावर तासभर भांडली आणि त्या भांडणात सगळी नाती पाठ झाली. दहा पिढ्या मागे गेलं की १०२४ जागा होतात हेही सांगा, डोळे मोठे होतात. कुणी दत्तक असेल किंवा कुणाला एखादी बाजू माहीत नसेल तर तो ज्यांना आपलं मानतो त्यांना त्या गोलात बसवू दे, तिथे चिकित्सा नको.

सावली२२:
मी कॉलेजात आहे, आम्ही मागच्या वर्षी असंच केलं. एक नियम आधीच सांगून ठेवा, नको असलेल्या प्रश्नाला "पुढचा" म्हणायचं आणि कुणी कारण विचारायचं नाही. आमच्याकडे एका प्रश्नावर आत्या रडायला लागली आणि विचारणारा बिचारा १२ वर्षांचा भाऊ घाबरून गेला.
अजून एक, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना घरच्यांबद्दल २० प्रश्न विचारले होते, आईबाबा कुठे भेटले वगैरे. ज्यांना जास्त माहीत त्यांचा आत्मविश्वास जास्त दिसला. पण उत्तरं पाठ करून ते होत नाही असं ड्यूक स्वतःच सांगतात, ती माहिती मिळते कशी, कोण कुणाजवळ बसून ऐकतं, त्यात सगळं आहे. म्हणून प्रश्नमंजुषा ठेवलीत तर शेवटी ठेवा, आधी बसून ऐका.

पिंपळपान:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! काल रात्री आठही जणांचा व्हिडिओ कॉल झाला. फोटोंची भिंत मामेबहीण बघणार, रेकॉर्डिंग मी, सकाळी आजी ताजी असते तेव्हा वीस मिनिटं आणि परत संध्याकाळी. कार्डं धाकटा लिहिणार, त्याचं अक्षर सगळ्यात मोठं आहे. गोलांच्या खेळात बरोबर-चूक ठरवायला तक्ता लागेलच, म्हणून काकांना फोन केला, त्यांनी तो गुंडाळून जपून ठेवलाय म्हणाले, आणि पंच म्हणून तेच उभे राहणार आहेत.