‘एअरी’ला मराठीत एक शब्द पुरेल का?

प्रश्न (फोंडा)
एक इंग्रजी कथा मराठीत आणतेय. त्यात ‘एअरी’ (airy) हे विशेषण चारदा येतं. घर एअरी, ताटातली इडलीसारखी सान्नं एअरी, मामाचे धंद्याचे बेत एअरी. आणि कर्जाचा विषय निघाल्यावर मामा हात हलवतो, तोही एअरी. लेखिकेने शब्द मुद्दाम परत परत आणलाय, म्हणून तो धागा तोडायला जीव होत नाही. घराला ‘हवेशीर’ चपखल बसतं. आमच्या जुन्या घरात दुपारी राजांगणातली, म्हणजे मधल्या चौकातली, तुळस सारखी हलत असते, तिथे दुसरा शब्द सुचणारच नाही. बाकीच्या तिन्हींचं काय करू?

म्हापसा
सान्नांना ‘हलकी’ म्हणू नका, कृपा करून. आपल्याकडे हलकं कापड म्हणजे कमी प्रतीचं कापड. माडाची सुर, म्हणजे माडी, घातलेलं पीठ चांगलं फुगलं की उकडलेलं सान्न मोडून बघा, आत बारीक बारीक भोकं दिसतात. त्याला जाळी पडली म्हणतात. ‘जाळीदार’ लिहा.

डिचोली
विज्ञानाचं काही भाषांतरित करणार असाल तर एक सांगतो. दुर्बिणीतून तारा बिंदूसारखा न दिसता इवल्याशा तबकडीसारखा दिसतो, भोवती फिकट वलयं. तिला ‘एअरी तबकडी’ म्हणतात. तिथे हवेचा काही संबंध नाही. जॉर्ज बिडेल एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने 1835 मध्ये त्याचं गणित मांडलं, त्याचं ते आडनाव. एका भाषांतरात ‘हवाई तबकडी’ छापलेली मी स्वतः वाचली आहे आणि अजून वाईट वाटतं.

मडगाव
मामाच्या बेतांना ‘पोकळ’ नको. पोकळ म्हटलं की फसवणूक आली, आणि तुम्ही सांगता त्यावरून या मामाला आपले बेत खरेच वाटत असावेत. हवेत इमले बांधणारा माणूस तो, म्हणून ‘हवेतले बेत’.
हाताची गोष्ट जास्त नाजूक आहे. ‘हात झटकले’ लिहिलंत तर त्याने जबाबदारी टाकली असं होईल. इंग्रजीत तिथे बेफिकिरी आहे: विषय जड, पण हा तो पिसासारखा उडवतो. ‘“बघूया गे,” म्हणत त्याने हात हवेत उडवला.’ एवढं पुरे. ‘बेफिकिरीने’ वेगळं घालायची गरज नाही.

प्रश्नकर्ती
घर हवेशीर, बेत हवेतले, हात हवेत. म्हणजे तीन ठिकाणी धागा राहिला! सान्नांपाशी तो तुटतो, तुटू दे. ‘हवेशीर सान्नं’ कोण खाईल? जाळीदारच लिहिते.
आताच आईला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, “सुर घातली होती की यीस्ट?” कथेत ते लिहिलेलं नाही.