‘कबुली देणे’ खटकतं का? (‘लव्ह, सायमन’वर लिहिताना अडलो)

पैनगंगा: गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी ‘लव्ह, सायमन’ला समीक्षकांनी कसं घेतलं यावर लिहितोय. २०१८ चा चित्रपट. समलिंगी शाळकरी पोराची प्रेमकथा मध्यवर्ती ठेवून हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओनं काढलेला पहिला, म्हणून कौतुक झालं. अनेकांना आवडलं ते त्याचं चारचौघांतल्या गोड प्रेमपटासारखं असणं. काहींची तक्रारही नेमकी तीच: खातंपितं घर, समजूतदार मायबाप, सगळं फार गुळगुळीत. इथवर जमलं. पुढं ‘सायमन घरी कबुली देतो’ असं लिहिलं, तर मजकूर तपासणारे काका म्हणाले, ‘कबुली चोर देतो.’ मग काय लिहू?

शब्दनिष्ठ: ‘प्रकटीकरण’ लिहा. कबूल मुळात अरबी, आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला? आणि ‘समलिंगी’पेक्षा ‘समलैंगिक’ बरा.

पऱ्हाटी: प्रकटीकरण देवाचं होते, सायमनचं नाही होत! अन् कबूलमध्ये गुन्हा कुठून आला? व्यापारी कापसाचा भाव कबूल करते. निकाहात नवरा-नवरी ‘कबूल’ म्हणतात. पोलिसांच्या ‘कबुलीजबाबा’नं चांगला शब्द नासवला. मी तर ठेवीन.

शब्दनिष्ठ: भाव कबूल करणं वेगळं. ‘कबुली दिली’ म्हटलं की आधी कोणीतरी आरोप केलेला असतो. काकांचं बरोबर आहे.

वणीकर: ‘त्याचं समलिंगी असणं उघड होतं’ चालेल. पेपरात असंच छापतात.

आर्णी रोड: नाही चालणार. चित्रपटाचा कणाच मोडतो त्यानं. शाळेतल्याच मार्टिनच्या हाती सायमनच्या ई-मेल लागतात, तो आधी धमकावतो आणि मग शाळेच्या गॉसिपच्या पानावर सगळं टाकतो. ते झालं ‘उघड करणं’. सायमन त्याच्यावर भडकतो तो यासाठीच की कधी, कुठं, कोणाला सांगायचं हे ठरवायचा हक्क त्याचा होता. दोन्हीला एकच क्रियापद लावलं तर वाचकाला तो राग कळणारच नाही. चित्रपटाला गुळगुळीत म्हणणाऱ्यांनीही हा प्रसंग नीट पाहायला हवा.

माझंच सांगतो. मी ताईला वावरात, कापूस वेचताना म्हटलं, ‘मले पोरी नाही आवडत, पोट्टे आवडते.’ ती थोडा वेळ वेचत राहिली. मग म्हणे, ‘मायले मी सांगू का तू सांगशीन?’ तिनं विचारलं, याचं मोल मला आजही आहे. ना मी कबुली दिली, ना काही प्रकट केलं. सांगितलं. ‘सायमन घरी सांगतो’ एवढं पुरे.

पैनगंगा: दादा, हे वाचून थांबलोच. पण ‘सांगतो’ म्हटलं तर काय सांगतो, हे दर वेळी जोडावं लागेल ना?

आर्णी रोड: जोडा की. ‘आपण समलिंगी आहो हे सांगतो.’ वाक्य लांबलं तर लांबू द्या.

शब्दनिष्ठ: भावना पोचली. तरी लेखात ‘पोट्टा’ येऊ नये, ‘किशोरवयीन मुलगा’ लिहावं. पोट्टा हलका वाटतो.

पऱ्हाटी: तुमच्याकडे वाटत असन. आमची आजी लाडानं ‘माहा पोट्टा’च म्हणे. किशोरवयीन कोणाच्या घरी जन्मला? आणि शब्द जुना आहे, संस्कृत ‘पोत’ म्हणजे पिल्लू, त्यातूनच आला.

वणीकर: पोत नाही. तेलुगूत ‘पोट्टी’ म्हणजे बुटका. आमच्याकडून आदिलाबाद किती दूर आहे? तिकडूनच आला.

पऱ्हाटी: मग अकोल्या-बुलढाण्यापर्यंत कसा पोचला? तिथं तेलुगू कोण बोलते?

वणीकर: शब्द बाजारासोबत फिरतो. ‘पोत’मधल्या ‘त’चा ‘ट्ट’ कसा झाला ते आधी सांगा.

पैनगंगा: मंडळी, हस्तलिखित रविवारी बांधायला जाते. ‘कबुली’ खोडू का?

शब्दनिष्ठ: खोडाच. पण ‘पोट्टा’साठी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश पाहिला का कोणी?